आधी बिळातूनच बोल

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मैत्री शिकवायची म्हटलं की मोठ्यांच्या तोंडी ठरलेली वाक्यं येतात. खेळणं दे त्याला. सॉरी म्हण. चला, शेकहँड करा, आता परत भांडायचं नाही. मुलं सांगितलेलं सगळं करतात आणि ताईची पाठ वळली की तिथूनच पुढे सुरू होतात. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याजवळच्या एका बालवाडीत मी गेली काही वर्षं गोष्टी सांगायला जाते. डबे खाऊन झाले, हात धुऊन झाले की सतरंजीवर गोल करून बसायचं आणि गोष्ट. तिथे बसून बसून माझं एक मत पक्कं झालं. भांडायचं कसं हे मुलांना शिकवावं लागत नाही, खेळायचं कसं हेही नाही. त्यांचं अडतं ते भांडणातून पुन्हा खेळात येताना. ती मधली वाट त्यांना सापडत नाही, आणि गोष्टी नेमक्या तिथेच कामाला येतात.

आमच्याकडे पंचविसेक मुलं. काही वस्तीतली, काही आसपासच्या सोसायट्यांतली. घरी मराठी बोलणारी जास्त, पण कानडी, तेलुगू, हिंदी बोलणारीही आहेत. कोविडच्या काळात जन्मलेली मुलं यायला लागली तेव्हा मी मैत्रीच्या गोष्टींकडे ठरवून वळले. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, आणि या मुलांची सुरुवातीची वर्षं घरातच गेली. बाग बंद, शेजारी जायचं नाही, मामाच्या गावाला जायचं नाही. चुणचुणीत मुलं होती, मोबाइल आपला आपण लावायची, पण दुसरं मूल अगदी जवळ आलं की एकतर अंग चोरून घ्यायची, नाहीतर ढकलायची. दोन्हीच्या मधलं काही त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं.

गोष्टी निवडायच्या आधी मी नुसती बसून पाहिलं. हातात कात्री-कागद घ्यायचा, म्हणजे मुलांना वाटतं ताई कामात आहे. लाल तीनचाकीवरून भांडण, रांगेत पुढे कोण यावरून भांडण, ताईच्या मांडीला लागून कोण बसणार यावरून भांडण. ही भांडणं जोरात होतात आणि लवकर विरतात. मला जास्त लागायचं ते दुसरं. ‘ही माझी मैत्रीण आहे, तुझी नाही,’ असं म्हणत दोघी जणी तिसरीचे दोन हात धरून दोन्हीकडून ओढतायत. किंवा चार जणांचा भातुकलीचा डाव मांडलेला, पाचवा येऊन उभा राहिला की एकजण मान वर न करताच म्हणतो, ‘तुला घेणार नाही.’ पाचवा तिथेच उभा. रडत नाही, ताईकडे येत नाही, नुसता उभा.

आमच्या लहानपणी वाड्यात यावर तोडगा होता. धाकट्यांना लिंबूटिंबू करून घ्यायचे. लिंबूटिंबूवर राज्य यायचं नाही, तो बाद व्हायचा नाही, पण खेळात असायचा. हे ठरवायला मोठी ताई किंवा दादा असायचा. बालवाडीत सगळे जवळपास एका वयाचे आणि घरीही बहुतेक एकुलते एक, तेव्हा लिंबूटिंबू करून घ्यायचं कुणी? मला वाटतं, मोठ्या भावंडाची ती जागा आज गोष्टीने घ्यायला हवी.

पालकांना एक सांगावंसं वाटतं. ‘माझा मुलगा एकटाच खेळतो, त्याला मित्रच नाहीत,’ ही तक्रार तीन वर्षांच्या मुलांच्या आया फार करतात. मिल्ड्रेड पार्टेन या संशोधिकेने 1932 मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांचा खेळ पाहून त्याच्या पायऱ्या मांडल्या होत्या. त्यातली एक पायरी म्हणजे शेजारी शेजारी बसून आपापलं खेळणं. दोघं वाळूत बसलेत, दोघांच्या हातात डबडी आहेत, एकमेकांशी शब्द नाही. पण एक उठून गेला की दुसराही डबडं टाकून देतो. म्हणजे सोबत होती. तीन वर्षांच्या मुलाची मैत्री पुष्कळदा एवढीच असते, आणि ती पुरेशी असते.

आमच्या बालवाडीच्या जुन्या ताई कोसबाडला शिकून आलेल्या, बालशिक्षणात मोठं काम केलेल्या अनुताई वाघांच्या हाताखाली. आता वय झालंय, तरी अधूनमधून येऊन मागे खुर्चीवर बसतात. मी गोष्ट संपवून ‘मग काय शिकलो आपण?’ असं विचारायच्या बेतात असले की त्या मागून मान हलवतात. त्यांचं म्हणणं, गोष्ट संपली की आपण गप्प बसावं, मुलं बोलतील. नाही बोलली तर पाणी प्यायला सोडावं. हा नियम मी पाळते. तात्पर्य विचारलं की मुलं आपल्याला हवं ते उत्तर देतात, ‘मिळून मिसळून राहावं’. ते त्यांना तोंडपाठ असतं आणि त्याचा लाल तीनचाकीशी काही संबंध नसतो.

सुरुवात केली चिऊकाऊपासून, कारण ती गोष्ट बहुतेक घरांतून आलेली असते. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’ ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.’ ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते.’ मुलं सुरात म्हणतात, टाळ्या वाजवतात. या गोष्टीचा शेवट घराघरात वेगळा, त्यामुळे शेवटाची ओढ नसते, म्हणण्याचीच मजा असते. मी तिसऱ्या ‘थांब’पाशी थांबले आणि विचारलं, ‘आत्ता काऊ काय करतोय?’

‘भिजतोय.’

‘त्याला छत्री नाही.’

‘त्याची आई कुठंय?’

मग एकजण चिऊच्या बाजूने उभा राहिला. घरी नुकतं बाळ आलेलं होतं त्याच्या. ‘ती कामात आहे ना! बाळाला गार लागतं. दार उघडलं की पाऊस आत येतो.’ हे मला कधी सुचलंच नसतं. इतकी वर्षं आपण चिऊला आप्पलपोटी नाहीतर हुशार ठरवत आलो, आणि याने तिला सरळ बाळंतीण करून टाकलं. त्यावर दुसरी म्हणाली, ‘मग तिने तसं सांगायचं. नुसतं थांब थांब काय?’ आणि भातुकलीच्या बाहेर उभी राहणारी एक मुलगी, जी सहसा बोलत नाही, ती म्हणाली, ‘त्याने दुसऱ्या घरी जायचं.’

या तीन वाक्यांवर मी पुढचे कितीतरी दिवस काम केलं. दार लगेच उघडता येत नसेल तर आतून कारण सांगता येतं. बाहेरच्याला एकाच दारात उभं राहायची सक्ती नाही. आणि आतला वाईटच असतो असं नाही. आम्ही चिऊकाऊ परत परत खेळलो. दाराला बालवाडीचं लाकडी पार्टिशन. आतली चिऊ ठरवायची काय सांगायचं. ‘मी पाचपर्यंत मोजते, मग उघडते.’ ‘खिडकीत बस, खिडकीला पत्रा आहे.’ एकीने तर सांगितलं, ‘आज नाही उघडणार, पण उद्या ये,’ आणि काऊ झालेला मुलगा म्हणाला, ‘बरं.’ दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्याने पार्टिशनवर टकटक केली. तो विसरला नव्हता.

त्यानंतर पंचतंत्राकडे वळले. पंचतंत्राच्या पाच तंत्रांपैकी पहिली दोन मैत्रीचीच: मैत्री तुटते कशी याचं मित्रभेद, आणि जुळते कशी याचं मित्रसंप्राप्ती. गंमत म्हणजे तुटण्याचं आधी येतं. त्या दुसऱ्या तंत्रात लघुपतनक कावळा, हिरण्यक उंदीर, मंथरक कासव आणि चित्रांग हरीण अशी चौघांची दोस्ती आहे. आपल्याला आठवतो तो शेवटाचा भाग. हरणाने मेल्याचं सोंग घ्यायचं, कावळ्याने त्याच्यावर बसायचं, पारधी तिकडे धावला की उंदराने कासवाच्या दोऱ्या कुरतडायच्या. मुलांना ते आवडतंच. पण मला सुरुवात जास्त मोलाची वाटते. उंदराने कबुतरांचं जाळं कुरतडलेलं कावळा पाहतो आणि त्याच्या बिळाशी येऊन म्हणतो, माझ्याशी मैत्री कर. उंदीर म्हणतो, कशी करू? तू मला खाणारा आणि मी तुझा खाऊ. तो लगेच बाहेर येत नाही. आधी बोलणं होतं, तेही तो आत राहून. भरवसा मग हळूहळू बसतो.

बिळासाठी चार खुर्च्या आणि दोन ओढण्या. मूळ गोष्टीत त्या बिळाला पुष्कळ तोंडं असतात, म्हणून आम्हीही तीन-चार ठिकाणी ओढणी उचलून ठेवली. आत उंदीर, बाहेर कावळा. मी एवढंच सांगितलं होतं की उंदराला वाटेपर्यंत त्याने बाहेर यायचं नाही, आणि कावळ्याने ओढणी ओढायची नाही. कावळा झालेला मुलगा आमच्याकडचा सगळ्यात दांडगा. दुसऱ्याची वस्तू हवी असली की हिसकावणारा. तो ओढणीपाशी गुडघ्यांवर बसला. ‘ए उंदीर, बाहेर ये.’ आतून, ‘नाही.’ ‘का?’ ‘तुझी चोच मोठी आहे.’ त्याने तोंडावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘आता?’ सगळी मुलं हसली, पण तो हसत नव्हता, तो खरोखर विचारत होता. आतला उंदीर जरा वेळ गप्प. मग, ‘थोडं लांब बस.’ तो सरकून बसला. ‘अजून.’ आणखी सरकला. मग ओढणीच्या दुसऱ्याच तोंडातून उंदीर बाहेर आला आणि त्याच्या पाठीमागे जाऊन बसला. मी काही बोलले नाही. मागच्या खुर्चीवरच्या ताईंनी चष्मा काढून पुसला.

तेव्हापासून ‘मी बिळात आहे’ हे आमच्या बालवाडीतलं वाक्य झालं. मी शिकवलेलं नाही. गट्टी फू झाली, एकजण मनवायला आला, आणि दुसऱ्याची अजून तयारी नसेल तर तो म्हणतो, ‘मी अजून बिळात आहे.’ आणि समोरचा थांबतो! मोठ्या माणसाने ‘थांब जरा’ म्हटलेलं जे मूल ऐकत नाही, ते हे ऐकतं. कारण त्याला माहीत आहे की बिळातला उंदीर पुढे बाहेर येतो. नकाराला पुढचा भाग आहे हे त्याने स्वतः खेळून पाहिलंय. काहीजण आतूनच बोलतात. पाठ फिरवून बसलेली मुलगी भिंतीकडे बघत सांगते, ‘मी बिळातूनच बोलतेय हां, तू माझा हिरवा खडू मोडलास.’ एवढं बोलणं झालं की अर्धं काम होतं.

मित्रभेदाची गोष्ट मात्र मी लहान गटाला सांगत नाही. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्यात दमनक कोल्हा काड्या घालतो आणि शेवटी सिंह बैलाला मारतो. नुसती हिंसेची अडचण नाही. दमनक सिंहाला एक सांगतो, बैलाला दुसरंच, आणि दोघांनाही खरं ठाऊक नसतं. गोष्टीची सगळी खुबी यातच आहे. मला जे माहीत आहे ते समोरच्याला माहीत नसू शकतं, हे मुलांना साधारण चार वर्षांच्या आसपास उमगायला लागतं. हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये हे एका साध्या प्रयोगातून दाखवलं. बाहुल्याने चॉकलेट एका कपाटात ठेवलं, तो बाहेर गेल्यावर आईने ते दुसरीकडे ठेवलं. आता तो परत येऊन कुठे शोधेल? धाकटी मुलं नव्या जागेकडे बोट दाखवतात, कारण चॉकलेट तिथे आहे हे त्यांना माहीत असतं. म्हणून तीन वर्षांच्या मुलाला ‘तिने मुद्दाम नाही केलं’ हे सांगून पटत नाही. खडू मोडला ना? मग तिनेच मोडला. या वयाला मनातल्या हेतूंच्या गोष्टी नकोत. येणं-जाणं, दार, बीळ, देणं-घेणं, असं डोळ्यांना दिसणारं काहीतरी हवं. मोठ्या गटाला, पाचाच्या पुढच्यांना, मी काड्या घालणाऱ्या कोल्ह्याची गोष्ट सांगते, पण मरण नाही. तिथे सिंह बैलाला सरळ जाऊन विचारतो, ‘तू असं म्हणालास का?’ विद्वानांना हा बदल खटकेल. माझ्या मुलांना मात्र ते विचारणं ऐकायला मिळायला हवं.

तयार गोष्टींत एक प्रकार फार कमी सापडला, तो म्हणजे दोन सारख्या मित्रांचं साधं भांडण आणि त्यानंतरचं परत येणं. त्यागाच्या गोष्टी भरपूर, दग्याच्या भरपूर. म्हणून एक मीच रचली. तळजाईच्या टेकडीवर एक खार आणि एक साळुंकी. दोघींना एकच चिंचोका सापडतो. ओढाओढीत तो गडगडत खाली जातो आणि हरवतो. साळुंकी रुसून दुसऱ्या झाडावर जाऊन बसते. इथे मी थांबते आणि विचारते, ‘आता खारीने काय करायचं?’

पहिलं उत्तर नेहमी ‘सॉरी म्हणायचं.’ मी खारीला सॉरी म्हणायला लावते. साळुंकी पान खात नाही, बघत नाही, तशीच फुगून बसलेली. म्हणजे सॉरी झालं, आणि साळुंकी अजून रुसलेलीच. आता? इथे मुलं अडतात, कारण मोठ्यांच्या जगात सॉरीनंतर भांडण संपल्याचं जाहीर होतं. इथून पुढची उत्तरं त्यांची स्वतःची असतात. तिला नवा चिंचोका द्यायचा. तिला हसवायचं. ‘माझ्या आजीला सांगायचं.’ तिच्या आईला फोन लावायचा. एकदा एक तेलुगू बोलणारी मुलगी, मराठी अजून अडखळतच होती तिची, उठली आणि साळुंकी झालेल्या मुलीच्या शेजारी जाऊन बसली. काही बोलली नाही. जरा वेळाने तिने शेपटी म्हणून खोचलेला रुमाल काढून तिच्या गुडघ्यावर ठेवला. साळुंकीने तो उचलून डोक्यावर घेतला आणि दोघी हसायला लागल्या. भाषा कमी पडणाऱ्या मुलाला मैत्री जमणार नाही अशी काळजी पालकांना असते. मला उलट दिसलं. बोलून मिटवायची सोय नसल्यामुळे ती मुलं पुष्कळदा कृतीने लवकर पोचतात.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी येणाऱ्या फ्रेंडशिप डेबद्दल मला कळकळीने बोलायचंय. तुळशीबागेत त्याआधी बँडचे ढीग लागतात, आणि सोमवारी मुलं मनगटं पुढे करून मोजतात, तुझे किती, माझे किती. चार वर्षांच्या मुलाला मैत्री अशी मोजायला लावू नये. एखाद्याचं मनगट रिकामं असतं आणि तो बाही खाली ओढून घेतो. आमच्याकडे आता त्या आठवड्यात लोकरीची एकच लांब दोरी करतो. प्रत्येकजण एक तुकडा आणतो, मावशी गाठी मारून देतात, आणि ती दोरी दारावर तोरणासारखी लावतो. मोजण्यासारखं काही उरत नाही.

घरी गोष्ट सांगणाऱ्यांसाठी थोडंसं. झोपताना सांगा, पण भांडण झालं त्याच रात्री त्याच भांडणाची गोष्ट नको. मूल ओळखतं आणि कान बंद करतं. दोन-चार दिवस जाऊ द्या. गोष्टीतल्या प्राण्याला आपल्या मुलाचं नाव देऊ नका. मधे थांबा, आणि मुलाने सुचवलेला शेवट वेडावाकडा असला तरी तोच चालू ठेवा. एकच गोष्ट पुन्हा मागितली तर कंटाळू नका. परत मागितलेल्या गोष्टीत मुलाचं काहीतरी काम चालू असतं. फोनवर लावून देण्याला माझा विरोध आहे, कारण फोन थांबून ‘आता?’ असं विचारत नाही.

पालकसभेत मला विचारतात, भांडणं कमी झाली का? नाही. तितकीच आहेत, लाल तीनचाकी तीच आहे. पण ती मिटवायला ताईला उठावं लागत नाही असं आता जास्त वेळा होतं, आणि ‘तुला घेणार नाही’च्या पुढे कधीकधी ‘हा डाव झाला की ये’ असं ऐकू येतं.

सध्या आमच्यापुढे वेगळाच प्रश्न आहे. एका मुलीचं घर हडपसरला हलतंय. तिची जिवाभावाची मैत्रीण रोज येऊन विचारते, ‘ती परत कधी येणार?’ परत न येणाऱ्या मित्राची गोष्ट या वयाला कशी सांगायची, याचा मी विचार करत होते. मग साळुंकीला हडपसरला पाठवलं, खार तळजाईवरच, आणि मुलांना विचारलं, आता? साळुंकी उडून येईल यावर अर्ध्यांचं एकमत झालं. बाकीच्यांचं म्हणणं, इतकं लांब उडाली तर तिचे पंख दुखतील, तिने बसने यावं. बस थेट मिळते की स्वारगेटला बदलावी लागते, यावर दोघांची जुंपली. जाणाऱ्या मुलीने निकाल दिला की स्वारगेटला खारीने न्यायला यायचं, आणि येताना चिंचोका आणायचा, पण या वेळी दोन.